बाटल्यांची फळी

वास आधी आला.

शेडचा पत्रा तापला होता. लांब चटईवर नारिंगी-पांढरी छत्री पसरलेली होती आणि दातवाल्या बाई तिच्यावर पालथ्या पडून आतली हवा दाबून काढत होत्या. पॅराशूटची घडी घालायला नुकताच शिकलेला माणूस असाच दिसतो. हट्टी पोराला झोपवायला त्याच्या अंगावर आडवं पडावं, तसा. बाईंचा शहरात दातांचा दवाखाना होता. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हा नाद लावून घेतला, शिकाऊ उड्या पुऱ्या केल्या आणि आज त्या पहिल्यांदाच स्वतःच्या छत्रीवर उडणार होत्या.

"भाचे, ये गं, जरा त्या टोकावर बस," त्यांनी पडल्यापडल्याच हाक मारली. "हे कापड आहे की मासा? हातात राहील तर शपथ."

भाची टोकावर गुडघे टेकून बसली. मैदानावर सगळे तिला भाचीच म्हणत, कारण ती मामांची भाची होती, आणि मामांना सगळे मामा म्हणत. खरी भाची मात्र ती एकटीच. बाकीचे मामांना अहो-जाहो करत, ती अरे-तुरे करी.

वरवर वास चांगला होता. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात घालतात त्या सुगंधी द्रावणाचा, गोडसर. पण बाईंच्या अंगाखाली कापड तापत चाललं होतं आणि त्या गोडाखालून दुसरं काहीतरी वर येत होतं. भाचीने नाक कापडाजवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं.

कोंबड्यांची विष्ठा. ताजी नव्हे. खड्ड्यात महिनोन्महिने साठलेली, भिजलेली, वर साय धरलेली.

तिला हा वास ओळखू येणारच होता. गेल्या हंगामात हीच छत्री बाहेर काढायला ती त्या खड्ड्यात मांडीपर्यंत उतरली होती.

छत्री तेव्हा बँकेतल्या एका कॅशियरची होती. उघडली ती डावीकडे वळत, आणि वळता वळता भोवऱ्यासारखी फिरू लागली. कॅशियरने शिकवल्याप्रमाणे लाल मूठ ओढून ती टाकून दिली, उडणाऱ्यांच्या भाषेत 'कापली', रुपेरी मूठ ओढून राखीव छत्री, म्हणजे रिझर्व्ह, उघडली आणि शेतात सुखरूप उतरला. टाकलेली मुख्य छत्री, म्हणजे मेन, वाऱ्यावर वाहत जाऊन मैदानामागच्या पोल्ट्रीच्या खड्ड्यात पडली. कॅशियर काठावर उभा राहून ओकला; भाचीने ती ओढून काढली. मामांनी नाकाला रुमाल लावून ती एकदा पाहिली आणि म्हणाले, "जाळून टाकतो." कॅशियर दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आला, मामांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला, आणि परत कधी उडायला आला नाही.

बाटलीचा रिवाज तसा सगळीकडचाच. ज्याची रिझर्व्ह उघडते, तो ती बांधणाऱ्याला एक बाटली देतो. मामा दारू पीत नसत. बाटल्या ते आपल्या खोलीत, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर मांडत आणि प्रत्येकीच्या गळ्यात त्या त्या रिझर्व्हचा तुटलेला दोरा आणि शिशाची मोहोर बांधत. जुन्या छत्र्या विकायचं कामही तेच करत; नवीन माणूस आला की त्याला आधी त्या फळीसमोर उभं करत. तेवढ्याने काम होई. एवढ्या जिवांना ज्याने वाचवलं, त्याच्याकडून छत्री घ्यायची नाही तर कुणाकडून?

यातली मेख समजायला एक गोष्ट माहीत हवी. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. मेनची घडी ज्याची त्याने घालायची. रिझर्व्ह मात्र परवाना असलेल्या माणसानेच बांधायची आणि वर मोहोर लावायची. इथे परवाना फक्त मामांकडे होता. त्यामुळे मेन फसली की दोष घडी घालणाऱ्याचा, आणि रिझर्व्ह उघडली की श्रेय मामांचं. मामा ते हसत हसत सांगतही. "फसली ती तुमची, उघडली ती माझी." लोकही हसत.

"बाई," भाची म्हणाली, "ही कुणाची होती म्हणून सांगितलं मामाने?"

"कुणी निवृत्त गृहस्थ होते म्हणे. पाठ धरली, सोडून दिलं. फार उडालेलीच नाही." बाई उठून बसल्या. "मला हिरवी आवडली होती, पण ती माझ्या वजनाला लहान पडते म्हणाले. लहान छत्री फार जोरात जमिनीवर आणते. बघ, दुसरा कुणी असता तर रंग बघून गळ्यात मारली असती. पिशवीचे पट्टेही स्वतः बसवून दिले, मांडीला काचत नाहीत ना ते तीनदा विचारलं. रिझर्व्ह किती जुनी, आपोआप उघडणाऱ्या यंत्राची तपासणी केव्हा झाली, सगळं दाखवलं."

"आणि दोऱ्या?"

"दोऱ्यांचं काय?"

भाचीने छत्रीच्या दोऱ्या एकत्र धरल्या, बाईंना वरचं टोक घट्ट धरायला सांगितलं आणि डावी-उजवी जुळवून ताणली. छत्री उघडताना एक कापडी चौकोन दोऱ्यांवरून घसरत खाली येतो. दर वेळी घासतो, घासून तापतो, आणि दोऱ्या कणाकणाने आखडत जातात. बाहेरच्या जास्त आखडतात. म्हणून ठराविक उड्यांनंतर सगळ्या दोऱ्या काढून नव्या घालायच्या असतात. डाव्या बाजूची, छत्री वळवायची दोरी उजवीपेक्षा चांगली चार बोटं आखूड भरली. तिच्यावर पिंजलेल्या कापसासारखी लव आली होती.

भाचीला आता दुसरीही एक गोष्ट आठवली. कॅशियरच्या आधी मोटार शिकवण्याच्या शाळेची एक मालकीण होती. तिने संध्याकाळी सगळ्यांसमोर आपल्या रिझर्व्हची कथा रंगवून सांगितली होती; छत्री डावीकडे वळली, फिरली, टाकली. तिच्याही आधी एक गवंडी. तो अजून इथेच होता. त्याचीही कथा तीच. तिघांच्याही कथेत छत्री नारिंगी होती. लोकांना वाटलं होतं, नारिंगी रंग खपतो.

"घडी घालू नका," ती बाईंना म्हणाली. "मी आले."

मामा खोलीत कुणाची तरी रिझर्व्ह बांधत होते. त्यांचे हात पाहावे असे होते. पांढऱ्या कापडाची एकेक चुणी ते बोटाच्या पेराने सरळ करत, वर तळहात फिरवत, मग पुढची घेत. वरच्या फळीवर बाटल्या पुसून लख्ख ठेवलेल्या. एकाही बाटलीवर धूळ नव्हती.

"मामा, ती नारिंगी तू जाळणार होतास."

"कुठली?" त्यांनी वर पाहिलं नाही.

"खड्ड्यातली."

"अगं, कापड एकदम ठणठणीत होतं. चार पाण्यांतून काढली. वास येतोय का अजून?"

"वास येतोय का, हे विचारतोस?"

"मग सांग की. अजून एकदा काढतो पाण्यातून. तुझ्या आईचंही असंच. टॉवेलचा वास आला की घर डोक्यावर घेते."

"दोऱ्या आखडल्यात. चार बोटं फरक आहे. तीन माणसांनी कापून टाकलेली छत्री तू चौथ्याच्या पाठीवर बांधतोयस."

मामांनी चुणी दाबली, तिच्यावर चिमटा लावला आणि मगच मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. शेजाऱ्याचं मूल फार प्रश्न विचारतं तेव्हा माणूस बघतो, तसं पाहत होते.

"आणि त्या तिघांना काय झालं?"

"म्हणजे?"

"मेलं का कुणी? लंगडतंय? तिघंही घरी गेले, जेवले, झोपले. का? खाली मी होतो." त्यांनी पांढऱ्या कापडावर थोपटलं. "मेन वळते, अडकते, फाटते. ती वळणारच. म्हणून तर ही असते. एकदा कापायची वेळ आली की माणूस शहाणा होतो. मी लोकांचं भलंच करतो."

"बाईंनी मूठ ओढायला उशीर केला तर?"

"यंत्र ओढेल. यंत्र नाही ओढलं तर... नाही ओढलं असं आजवर झालंय?" ते पुन्हा कामाला लागले. "तुला सांगू, तू उगाच नाकाने कांदे सोलतेस. दार लावून घे, वारा येतो."

भाचीला वाटलं होतं तो खोटं बोलेल. निदान कानांवर हात ठेवेल. तो काहीच लपवत नव्हता. तो त्या बाटल्यांकडे जसा पाहायचा, तसा एखादा शेतकरी धान्याच्या कणग्यांकडे पाहतो.

बाहेर ती सरळ बोलली. शेडमध्ये पाच-सहा जण होते, विमान आणि मैदान ज्याच्या मालकीचं तो पायलट होता, गवंडी होता. तिने दोऱ्या धरून दाखवल्या. कापड हुंगायला दिलं. गवंड्याने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी. पण वासाने कुणी मरत नाही."

"ही तुझी छत्री होती. तू कापलेली."

"माझी असेल नाहीतर नसेल. माझी घडी चुकली होती. मामांनी तेव्हाच दाखवून दिलं मला." गवंड्याचा आवाज चढला. "मी आज तुझ्यासमोर उभा आहे तो कुणामुळे? माझ्या पोरीचं लग्न मी डोळ्यांनी पाहिलं ते कुणामुळे? आणि सख्खी भाची असून तू त्यांच्यावर घाण उडवतेस?"

"घाण मी नाही उडवली. खड्ड्यातून आलीय ती."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. पायलटने घड्याळ पाहिलं. "हे तुमचं घरातलं भांडण घरी मिटवा बुवा. माझं इंजिन काय माहेरचं नाही, तेल पितं. कोण येतंय वर?"

दातवाल्या बाई भाचीकडे आणि गवंड्याकडे आळीपाळीने पाहत होत्या. "भाचे, वाईट नको वाटून घेऊ. पण मामांसारखा माणूस... अगं, ती फळी पाहिलीस ना तू?"

"रोज पाहते."

"मग? मी दवाखान्यात पेशंटला हेच सांगते, डॉक्टरवर विश्वास ठेव नाहीतर डॉक्टर बदल. मी ठेवलाय. मी घडी घालते."

भाचीने चटईवरची छत्री उचलली. "मी घालते घडी. आणि मीच उडते. वळली नाही, तर मी सगळ्यांसमोर मामाची माफी मागेन आणि तुम्ही खुशाल घेऊन जा. वळली, तर तुम्ही हिला हात लावायचा नाही. चालेल?"

बाईंना वाटलं ही रागाने बोलते आहे. पण भाची घडी घालायला बसलीही होती. तिने इतकी चोख घडी घातली की गवंड्यालाही मान हलवावी लागली. मामा दारात येऊन उभे राहिले होते. तिने पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"बघून घे. घडीत खोट असेल तर आत्ता सांग. मागून नको."

मामांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उतरला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते हसले. "जा की. खाली मी आहेच." तिने पिशवी पाठीवर चढवली, बाईंच्या मापाचे पट्टे ओढून आवळले, तेव्हा ते पुढे आले, त्यांनी रिझर्व्हची मोहोर पाहिली, रुपेरी मूठ चाचपली, यंत्राचा दिवा पाहिला. मेनकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. भाचीने ते पाहिलं.

वर हवा स्वच्छ होती. विमानातून उडी टाकल्यावर तिने नेहमीपेक्षा बऱ्याच उंचावरच छत्री उघडायला घेतली, कारण वळणार हे तिला ठाऊक होतं. छत्री उघडली, भरली, आणि क्षणभर समोर सरळ उभी राहिली. एवढ्या वेळात तिच्या मनात येऊन गेलं की आपण चुकलो असू. आणि तसं असेल तर बरंच. मग डावं टोक खाली गेलं. तिने उजवी दोरी ओढून धरली. छत्रीने दाद दिली नाही. दुसऱ्या फेऱ्यात पाय बाहेर फेकले गेले, तिसऱ्यात खालचं शेत बादलीत घुसळल्या जाणाऱ्या पाण्यासारखं फिरू लागलं. वाऱ्यातही तो गोड वास तिच्या नाकातोंडात जात होता. घशाशी आंबट आलं.

तिने लाल मूठ ओढली. पोटात पोकळी. रुपेरी मूठ ओढली.

रिझर्व्ह उघडली ती मामाच्या सगळ्या कामासारखी: हळुवार, सरळ, आवाज न करता. भाची शांत हवेत लटकत राहिली आणि सगळ्यात आधी तिला जे वाटलं, ते म्हणजे उपकार. मामा, देवासारखा आहेस रे, असं काहीतरी तिच्या तोंडून मोठ्यानेच निघालं. मग स्वतःचेच शब्द तिने ऐकले. हेच गवंड्याला वाटलं होतं. कॅशियरला वाटलं होतं. आणि ती स्वतः वर आली होती ती तरी कशाच्या भरवशावर? खाली तो आहे, याच. त्याचंच शहाणपण तिनेही पाठीला बांधून घेतलं होतं. तिला अंग झटकावंसं वाटलं, पण पट्ट्यांत ते जमेना.

नारिंगी कुठे पडते ते पाहत ती तिच्याजवळच उतरली. छातीच्या पट्ट्यात आकडीसारखा वाकडा छोटा चाकू असतो, दोऱ्यांत गुरफटलं तर कापायला. तिने एकेक दोरी मुळाशी कापली. मग कापडातून चाकू या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. उन्हाने तापलेलं कापड फाटताना खड्ड्याचा सगळा वास मोकळा झाला. तिने तोंडाने श्वास घेत ते काम पुरं केलं, बोचकं काखेत मारलं आणि चालत निघाली.

शेडपाशी टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"वाचली! मामांची भाची मामांनीच वाचवली!" गवंड्याचे डोळे पाणावले होते. "आता बोल की गं!"

"छत्री वळली," भाची म्हणाली. "घडी मी घातली होती. तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत."

"वळली तर वळली. उघडली ना दुसरी?" कुणीतरी ओरडलं, "बाटली! बाटली!" आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं. दातवाल्या बाईंनी स्वतःच्या छत्रीवरच्या पहिल्या उडीच्या आनंदासाठी गाडीत एक बाटली आणून ठेवली होती. ती त्या धावत घेऊन आल्या होत्या.

मामांनी भाचीला पोटाशी धरलं. ते खोटं नव्हतं. मग ते लोकांकडे वळले आणि अभिमानाने बोलले.

"या पोरीला आजवर एकदाही कापावी लागली नव्हती बरं का. एकदाही नाही."

"मामांची भाची आहे!" गवंडी म्हणाला.

"अरे, नुसती भाची म्हणून नाही. तिच्या छत्रीच्या दोऱ्या दर हंगामाला मी बदलतो. स्वतः बसून. जुनी दोरी मी तिच्या अंगाला लागू देत नाही. बहिणीला शब्द दिलाय मी."

टाळ्या पडल्या. भाचीला आपल्या एवढ्या वर्षांच्या सरळ उघडणाऱ्या छत्र्या आठवल्या. तिला वाटायचं आपली घडी चांगली. नव्या लोकांना मामा सांगत, माझी भाची माझ्याच छत्रीवर उडते, बघा तिच्याकडे. लोक बघत.

दातवाल्या बाईंनी टाळी वाजवली नव्हती. बाटली दोन्ही हातांत धरून त्या उभ्या होत्या.

"मामा, आणि माझ्या?"

"काय तुमच्या?"

"दोऱ्या."

"अहो, तुमच्या खाली रिझर्व्ह आहे की! आत्ता डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या. "पण ती भाचीच्याही खाली असते ना हो?"

मामा हसले. नेहमीचं हसू, पण ते जरा लांबलं. "बाई, तुम्ही लोक फार विचार करता. चला, बाटली आणा, ऊन फार झालंय." आणि ते आपल्या खोलीत गेले. बाकीचेही पांगले. गवंडी जाताना भाचीला म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस. एवढं बोललीस, तरी पोटाशी धरलं."

भाची शेडमागच्या नळावर गेली. बोचकं तिने कचऱ्याच्या पिंपात कोंबलं होतं, पण वास हातांना चिकटून आला होता. साबणाने तो आणखी गोड झाला आणि जास्तच मळमळलं. तिने माती घेऊन हात घासले. नखांत राहिलाच.

बाई मागून आल्या.

"तो खड्डा," त्या म्हणाल्या, "त्यात तू खरंच उतरली होतीस?"

"मांडीपर्यंत."

"आणि मी त्याच्यावर तासभर लोळत होते." त्यांनी आपल्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. "तरी म्हटलं, एवढा सुगंध कशाला. दवाखान्यात फार अत्तर लावून आलेल्या पेशंटचं तोंड मी आधी उघडून बघते. इथे मेलं सुचलंच नाही."

नळाच्या वर मामांच्या खोलीची खिडकी होती. ती उघडी होती. आत मामा फडक्याने फळी पुसत होते. त्यांनी एकेक बाटली किंचित सरकवून, मधोमध एकीपुरती जागा केली होती. तुटलेला दोरा आणि मोहोर हातात तयार होती.

"बाई, येताय ना?" त्यांनी आतून हाक मारली.

बाईंनी बाटलीचं बूच दातांनी उपटलं, एरवी पेशंटना ज्यासाठी रागावायच्या तसं, आणि थुंकून दिलं.

"हात पुढे कर," त्या भाचीला म्हणाल्या.

दारू मनगटांवरून, बोटांतून, नखांवरून खालच्या मोरीत धो धो वाहू लागली. खिडकीतलं फडकं थांबलं.

"पुरे?" बाईंनी अर्ध्यावर विचारलं.

भाचीने हात हुंगले.

"नाही," ती म्हणाली. "सगळी ओता."